अनोळखी धावपट्टीवर उतरताना

दोस्तांनो, परीक्षेचं केंद्र अनोळखी गावात आलं तर तुम्ही काय करता? बेंबळीची पोरं आदल्या दिवशीच एसटीची वेळ बघतात, कॉलेज कुठं आहे ते विचारून ठेवतात. वैमानिकाचंही असंच असतं. फक्त त्याची तयारी कच्ची राहिली, तर जिवाशी गाठ!

जेआरडी टाटांचंच बघा. जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४. सुट्टीत समुद्रकिनारी राहायला जायचे, तिथं शेजार होता इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्या ब्लेरिओचा. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले आणि वेडच लागलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

१९३० मध्ये आगाखान स्पर्धेसाठी ते कराचीहून एकटेच इंग्लंडकडे निघाले. वाटेतला प्रत्येक तळ नवा. इजिप्तमध्ये समोरून येणारा स्पर्धक अस्पी इंजिनीअर स्पार्क प्लगअभावी अडकलेला भेटला. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी काही तासांनी जिंकला. तुम्ही दिले असते?

१५ ऑक्टोबर १९३२. टपाल घेऊन जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले. विमानात रेडिओ नाही, वाट दाखवणारं जमिनीवर कुणी नाही. होकायंत्र, नकाशा आणि स्वतःचा हिशेब, एवढ्यावरच भिस्त. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! जुहूचा तळ म्हणजे मातीचं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. म्हणजे ओळखीच्या तळाचीही दरवेळी नव्याने चौकशी करावी लागे.

रेडिओ आले तरी धोका संपला नाही. १९७२ मध्ये एक मोठं जपानी प्रवासी विमान सांताक्रूझ समजून चक्क जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढं घसरत गेलं. म्हणून आज वैमानिक नव्या विमानतळावर जाण्याआधी धावपट्टीची लांबी, आसपासचे डोंगर, हवामान, ताज्या सूचना वाचतो. अवघड ठिकाण असेल तर सिम्युलेटरवर सराव करतो. उतरता आलं नाही तर दुसरा विमानतळ ठरलेला असतो, तिथवर पुरेल एवढं इंधनही सोबत असतं.

१९८२ मध्ये, ७८व्या वर्षी, जेआरडींनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केलं, तेही एकट्याने. १९९३ मध्ये जिनिव्हात ते गेले.

उद्या तुम्ही पुण्या-मुंबईत उतराल, तेव्हा हिंमत सोबत असू द्याच. पण नकाशा आधी बघून ठेवा, आणि दुसरा पर्यायही!