शेठ प्रेमचंद रायचंद

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा मी शाळेच्या सहलीत अनेकदा मुलांना दाखविला. सारी मुले घड्याळाकडे पाहत. एवढा पैसा कोठून आला, असे एकाच मुलीने विचारले होते. तिला दिलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने लिहितो.

शेठ प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेस, ओसवाल जैन कुळात झाला. बालपणीच ते मुंबईस आले, इंग्रजी शिकले आणि दलालीत शिरले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना व त्यांची दृष्टी मुंबईकडे वळली. चार वर्षांत नेहमीच्या किमतीहून सुमारे ८ कोटी पौंड अधिक या शहरात आले. एवढे द्रव्य ठेवावे कोठे? बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. शेअरवाटपात प्रेमचंदांचा शब्द चाले. म्हणून त्यांच्या दारी रीघ लागे.

सारा दोष या एका पुरुषावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. दारात उभे होते ते काही उपाशी लोक नव्हते. ज्यांची नोकरी, ज्यांचा धंदा सुखाने चालला होता, तेच शेजाऱ्याचे वैभव पाहून अस्वस्थ झाले होते. त्यांना हसण्याचा अधिकार निदान मला नाही. निवृत्तीच्या रकमेतील मोठा भाग मीही दामदुपटीच्या एका योजनेत घालून बसलो, आणि तोही शेजारच्या घरी नवी मोटार आली म्हणून!

एप्रिल १८६५ मध्ये ते युद्ध संपले व कापूस कोसळला. १ जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी देणे कोणालाच झेपेना. नुसत्या शेअरांच्या तारणावर कर्जे देणाऱ्या बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ वर आला. १८६८ साली ती बँकच मोडीत निघाली. कित्येक घराणी धुळीस मिळाली. प्रेमचंदही बुडाले.

परंतु ऐन भरभराटीत, १८६४ साली, त्यांनी विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लाख व मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले होते. मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे, ही त्यांची इच्छा. १८६९ साली पाया घातला गेला आणि १८७८ साली २८० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. प्रेमचंद त्यानंतर अठ्ठावीस वर्षे, १९०६ पर्यंत, त्याच शहरात होते.