सोळा मुलांचा तत्त्वज्ञ : जॉन ड्यूई

जॉन ड्यूई हे नाव आपल्या कानांवर पडते ते तत्त्वज्ञानाच्या तासाला. मला मात्र हा थोर विचारवंत खरा उमगला तो सोळा मुलांच्या एका लहानशा शाळेत!

२० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील बर्लिंग्टन गावी एका किराणा दुकानदाराच्या घरी ड्यूई जन्मले. १८९४ साली ते शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख झाले. नुसत्या व्याख्यानांवर त्यांचे समाधान होईना. जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठातच प्राथमिक शाळा काढली. पत्नी अ‍ॅलिस यांची त्यांना मोलाची साथ लाभली. शाळेसाठी बाके घेताना त्यांना आढळले, की दुकानांत मिळणारी बाके मुलांनी गप्प बसून ऐकावे याचसाठी घडवलेली आहेत. हाताने काम करण्याजोगी नाहीतच.

या शाळेत विज्ञान स्वयंपाकघरात शिरले. पाणी किती तापले म्हणजे अंड्यातील पांढरा भाग कसा बदलतो, हे मुले स्वतः पडताळून पाहत. एकदा मुले हाताने कापसातील सरकी काढू लागली. अर्ध्या तासात एक औंसभरही कापूस निघेना! लोकरीचे कापड आधी प्रचारात का आले आणि सुती मागे का राहिले, याचे उत्तर त्यांच्या बोटांनाच सापडले. मग दोन्ही तंतूंची तुलना झाली, यंत्रांचा विचार झाला. विज्ञान आणि इतिहास एकाच कामात गुंफले गेले.

शाळेच्या कारभारावरून मतभेद होऊन १९०४ साली ड्यूईंनी शिकागो सोडले व ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी झाले. तेथील त्यांचे अनुयायी किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धती मांडली. तथापि, मुलांना मोकळे सोडले की शिक्षण आपोआप होते, हा समज ड्यूईंना मान्य नव्हता. कोणत्या अनुभवातून पुढचा प्रश्न उगवेल, हे शिक्षकाने आधी जाणले पाहिजे, असे त्यांनी १९३८ साली बजावले. १ जून १९५२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज शाळाशाळांतून प्रकल्प होतात. पण पुष्कळदा पुठ्ठा दुकानातला, माहिती पुस्तकातली आणि मेहनत पालकांची! मुलाच्या वाट्याला काय उरते? आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील. तेव्हा वस्तू किती सुबक झाली हे न पाहता, ती करताना मुलाला कोणता प्रश्न पडला हे आपण विचारले, तर तीच ड्यूईंना खरी आदरांजली ठरेल, असे मला वाटते.