बाळाचा पहिला श्वास आणि डॉक्टर अ‍ॅपगार

मूल जन्मले की खोलीबाहेर सारी मंडळी कान देऊन बसतात. रडणे ऐकू आले की जिवात जीव येतो. त्या पहिल्या श्वासाची काळजी वाहिलेल्या एका डॉक्टरीणबाईंची ही हकिगत.

व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेत वेस्टफील्ड गावी झाला. एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा सदा आजारी. मुलीने डॉक्टर व्हायचे ठरवले. १९३३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून ती पदवी घेऊन बाहेर पडली. मनात शस्त्रक्रिया होती. पण गुरू डॉ. व्हिपल यांनी, बाईमाणसाला त्यात पोट भरणे कठीण म्हणून, भूल देण्याचे शास्त्र सुचवले. एखादी रुसून बसली असती. बाईंनी त्यातच नाव काढले व १९४९ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

तेव्हा सर्वांचे लक्ष बाळंतिणीकडे असे. निळसर, मलूल बाळ बाजूला राही. बाईंनी पाच गोष्टी पाहायला लावल्या: हृदयाचे ठोके, श्वास, अंगातली ताकद, डिवचल्यावर हालचाल आणि रंग. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. १९५३ साली ही पद्धत छापून आली आणि जगभर गेली.

हे गुण मात्र त्या घटकेपुरते. पुढचे भविष्य नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे फुफ्फुस कच्चे असते. त्यातले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून आतून जो लेप लागतो, तो साधारण पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा होतो. तेव्हा सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही, ही जुनी समजूत खोटी. आठमाशाचे फुफ्फुस अधिक तयार असते!

अशा मुलांना शाळेच्या वयातही खोकला, घरघर, धाप इतरांहून अधिक लागते; काहींचा दम मोठेपणीही कमी पडतो. विडीचा, चुलीचा धूर त्यांना फार बाधतो. शेजारीपाजारी आईच्या दुधाला नावे ठेवतात, ते अगदी चूक. मूल दहा वर्षांचे झाले तरी ते कितव्या आठवड्यात जन्मले हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बाईंना वाद्ये घडवण्याचा नाद होता. इस्पितळातील टेलिफोनच्या खोलीतली लाकडी फळी त्यांना इतकी आवडली की एका रात्री मैत्रिणीच्या मदतीने ती काढून तिथे दुसरी बसवली, आणि तिची व्हायोलाची पाठ केली.

७ ऑगस्ट १९७४ रोजी त्या वारल्या. १९९४ साली अमेरिकेने त्यांचे टपाल तिकीट काढले.