रिकिदोझान

रिकिदोझान (जन्म: १४ नोव्हेंबर १९२४ – मृत्यू: १५ डिसेंबर १९६३) हे कोरियात जन्मलेले जपानी व्यावसायिक कुस्तीगीर, संघटक आणि उद्योजक होते. जपानमधील व्यावसायिक कुस्तीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. कुस्ती आणि दूरचित्रवाणी यांची त्यांनी घातलेली सांगड पुढील काळात जपानमधील कुस्ती कंपन्यांच्या उदयास आणि अस्तासही कारणीभूत ठरली.

सुरुवातीचे जीवन आणि सुमो कारकीर्द

रिकिदोझान यांचा जन्म आजच्या उत्तर कोरियात असलेल्या दक्षिण हामग्योंग प्रांतात झाला. त्यांचे मूळ नाव किम सिन-राक होते. त्या वेळी कोरिया जपानच्या ताब्यात होता. सुमो कुस्तीसाठी ते जपानमध्ये आले व तोक्यो येथील निशोनोसेकी आखाड्यात दाखल झाले. १९४० मध्ये त्यांनी सुमोच्या रिंगणात पदार्पण केले आणि पुढे 'सेकिवाके' या तिसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीपर्यंत मजल मारली. १९५० मध्ये त्यांनी सुमो सोडले.

मोमोता कुटुंबाचे नाव स्वीकारून ते मित्सुहिरो मोमोता या नावाने जपानी नागरिक म्हणून वावरू लागले. नागासाकी प्रांतातील ओमुरा हे त्यांचे जन्मगाव म्हणून सांगितले जात असे. त्यांचे कोरियन मूळ हयातीत बहुसंख्य चाहत्यांपासून लपवून ठेवण्यात आले.

व्यावसायिक कुस्ती

१९५१ मध्ये जपानमध्ये आलेल्या अमेरिकन कुस्तीगिरांच्या दौऱ्यात रिकिदोझान व्यावसायिक कुस्तीकडे वळले. हवाई बेटांवर प्रशिक्षण घेऊन व अमेरिकेत लढती देऊन ते परतले आणि १९५३ मध्ये त्यांनी जपान प्रो रेसलिंग संघटनेची स्थापना केली. त्याच वर्षी एनएचके व निप्पॉन टेलिव्हिजन या वाहिन्यांचे प्रक्षेपण जपानमध्ये सुरू झाले होते.

फेब्रुवारी १९५४ मध्ये तोक्योच्या कुरामाए कोकुगिकान या सभागृहात रिकिदोझान आणि ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांची जोडी कॅनडाच्या शार्प बंधूंविरुद्ध उतरली. या लढतींचे थेट प्रक्षेपण झाले. देशातील नोंदणीकृत दूरचित्रवाणी संचांची संख्या तेव्हा वीस हजारांच्या आतच होती. त्यामुळे निप्पॉन टेलिव्हिजनने चौकांत आणि रेल्वे स्थानकांसमोर उभारलेल्या सार्वजनिक संचांपुढे प्रचंड गर्दी लोटली. धिप्पाड परदेशी मल्लांना हाताच्या कडेचे तडाखे देऊन लोळवणारे रिकिदोझान युद्धात पराभूत झालेल्या जपानी जनतेचे नायक बनले.

प्रतिस्पर्धी संघटना

लोकप्रियता वाढताच देशात इतर कुस्ती संघटनाही उभ्या राहिल्या. किमुरा यांनीही स्वतःची संघटना काढली व रिकिदोझान यांना आव्हान दिले. २२ डिसेंबर १९५४ रोजी झालेली ही लढत पूर्वनियोजित मर्यादा ओलांडून खरीखुरी हाणामारी ठरली. त्यात किमुरा रक्तबंबाळ होऊन पराभूत झाले. लढत बरोबरीत सोडवण्याचे आधी ठरले होते, असे किमुरा यांनी पुढे सांगितले. या विजयानंतर प्रतिस्पर्धी संघटना मागे पडल्या आणि बाजारपेठेवर रिकिदोझान यांचे वर्चस्व प्रस्थापित झाले. १९५५ मध्ये त्यांनी, भारतात दारा सिंग यांचे प्रतिस्पर्धी म्हणून परिचित असलेल्या किंग काँग यांचा पराभव करून आशियाई अजिंक्यपद मिळवले.

दूरचित्रवाणी आणि व्यवसाय

ऑक्टोबर १९५७ मध्ये विश्वविजेते लू थेझ यांच्याशी झालेली त्यांची साठ मिनिटांची लढत बरोबरीत सुटली. मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या प्रायोजकत्वाखाली निप्पॉन टेलिव्हिजनवर शुक्रवारी रात्री आठ वाजता कुस्तीचा कार्यक्रम दाखवला जाई. १९५८ पासून तो डिस्नेच्या कार्यक्रमाशी आळीपाळीने, एका आठवड्याआड प्रसारित होऊ लागला. मे १९६३ मध्ये 'द डिस्ट्रॉयर' या मुखवटाधारी अमेरिकन मल्लाशी झालेल्या लढतीला ६४ टक्के प्रेक्षकमान मिळाले.

या उत्पन्नातून रिकिदोझान यांनी स्थावर मालमत्ता व करमणुकीच्या व्यवसायांत गुंतवणूक केली. १९६१ मध्ये शिबुया येथे 'रिकी स्पोर्ट्स पॅलेस' हे क्रीडागृह उभे राहिले.

मृत्यू

८ डिसेंबर १९६३ रोजी तोक्योतील आकासाका भागातील 'न्यू लॅटिन क्वार्टर' या रात्र-क्लबमध्ये झालेल्या भांडणात याकुझा टोळीतील एका सदस्याने त्यांच्या पोटात चाकू खुपसला. १५ डिसेंबर रोजी दुसरी शस्त्रक्रिया करण्यात आली. त्याच रात्री वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोक्योतील इकेगामी होन्मोन-जी मंदिराच्या परिसरात त्यांची समाधी आहे.

वारसा

जायंट बाबा आणि अँतोनियो इनोकी या रिकिदोझान यांच्या शिष्यांनी ३० सप्टेंबर १९६० रोजी, एकाच दिवशी पदार्पण केले होते. गुरूंच्या मृत्यूनंतर तेच संघटनेचे आधारस्तंभ बनले. १९६९ मध्ये संघटनेने नेट या दुसऱ्या वाहिनीशीही करार केला. मात्र बाबांच्या लढती निप्पॉन टेलिव्हिजनसाठी राखीव ठेवण्यात आल्या. दरम्यान, संघटनेतून काढून टाकण्यात आलेल्या इनोकी यांनी १९७२ च्या आरंभी न्यू जपान प्रो रेसलिंग ही कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी संघटनेने बाबांच्या लढती नेटलाही दिल्याने निप्पॉन टेलिव्हिजनने तिचे प्रक्षेपण थांबवले. बाबाही बाहेर पडले आणि याच वाहिनीच्या पाठबळावर त्यांनी ऑल जपान प्रो रेसलिंगची स्थापना केली. १९७३ मध्ये नेट वाहिनी इनोकींच्या कंपनीकडे वळली. दोन्ही वाहिन्यांचा आधार गमावलेली, रिकिदोझान यांनी स्थापन केलेली मूळ संघटना त्याच वर्षी बंद पडली.

एप्रिल १९९५ मध्ये इनोकी यांच्या पुढाकाराने उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग येथे दोन दिवसांचा कुस्ती सोहळा झाला. हयातीत ज्यांचे मूळ झाकून ठेवले गेले, त्या रिकिदोझान यांचे त्यांच्या जन्मभूमीत या निमित्ताने जाहीरपणे स्मरण करण्यात आले.