लीला चिटणीस : नायिकापदाकडून मातृपदाकडे

आपल्या सीमाभागाला लागूनच असलेल्या धारवाडात १९०९ साली लीला नगरकर यांचा जन्म झाला. पुढे लीला चिटणीस या नावाने त्या सर्वपरिचित झाल्या. वडील इंग्रजीचे प्राध्यापक असल्याने घरात विद्येचे वातावरण होते. अल्पवयातच डॉ. गजानन यशवंत चिटणीस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु पुढे उभयता विभक्त झाले. चार मुलांचा सांभाळ करण्यासाठी लीलाबाईंनी शिक्षिकेची नोकरी केली आणि अभिनयाचीही कास धरली. सुशिक्षित घरातील स्त्रीने तोंडाला रंग लावणे त्या काळी सोपे नव्हते.

१९३३ साली उदयास आलेल्या ‘नाट्यमन्वंतर’ने पाश्चात्त्य वास्तववादी नाटकाचा आदर्श मराठी रंगभूमीवर आणला. या संस्थेच्या नाटकांतून लीलाबाईंची जडणघडण झाली. पुढे त्या चित्रपटाकडे वळल्या. ‘जंटलमन डाकू’ (१९३७), प्रभातचा ‘वहाँ’ (१९३७) आणि विष्णुपंत पागनीसांसमवेतचा ‘संत तुलसीदास’ (१९३९) हे त्यांचे आरंभीचे चित्रपट. मात्र खरे यश लाभले ते बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ने (१९३९). त्यानंतर ‘बंधन’ (१९४०) व ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांतही अशोककुमार व लीलाबाई ही जोडी गाजली. डोळ्यांनी बोलण्याची कला आपण त्यांच्याकडून शिकलो, याची कबुली अशोककुमारांनी पुढे मोकळेपणाने दिली. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीतही लीलाबाई झळकल्या.

पण नायिकेचे आयुष्य अल्पच. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारांची आई झाल्या. दोघांच्या वयात अंतर होते अवघे तेरा वर्षांचे! त्यांचे एकेकाळचे नायक अशोककुमार मात्र पुढल्याच वर्षी ‘महल’मध्ये नायकच होते. चित्रपटसृष्टीचा हा दुजाभाव लीलाबाईंच्या वाट्याला आला. परंतु त्या खचल्या नाहीत. ‘आवारा’तील (१९५१) पतीने घराबाहेर काढलेली माता, ‘गंगा जमना’तील (१९६१) चोरीच्या खोट्या आळाने खचलेली गोविंदी, ‘गाइड’मधील (१९६५) मुलाच्या वर्तनाने व्यथित होऊन घर सोडणारी आई अशा भूमिका त्यांनी समरसून केल्या. सोशीक मातेचा हा साचा पुढे हिंदी चित्रपटांत इतका रुळला की, त्याचा पुढेपुढे कंटाळाही आला. तथापि त्यामागील संयत अभिनयाचे श्रेय लीलाबाईंचेच आहे. नाट्यमन्वंतरच्या वास्तववादी संस्कारांचे ते फळ म्हणावे लागेल.

१९५५ साली ‘आज की बात’ हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. १९८१ साली ‘चंदेरी दुनियेत’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. उत्तरायुष्यात त्या अमेरिकेत मुलांकडे गेल्या. तेथेच, कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथे, १४ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलांसाठी त्यांनी रंगभूमीवर पाऊल टाकले, त्यांच्याच ओढीने त्या सातासमुद्रापलीकडे गेल्या. पडद्यावरची माता प्रत्यक्ष आयुष्यातही अखेरपर्यंत माताच राहिली.