पत्ते नीट पिसले का?

मीरा रोड-भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी ठेवून पत्त्यांचा डाव मांडलेला दिसतो. दिवाळीच्या सुट्टीत हाच डाव घरी सतरंजीवर येतो आणि एखादा काका पुतण्याला पोकर शिकवायला बसतो. शिकवणी साधारणपणे हातांच्या क्रमापासून सुरू होते. एक जोडी लहान, दोन जोड्या त्याहून मोठ्या, एकाच रंगाची पाच पाने त्याहून मोठी. त्यामागे गणित आहे. ५२ पत्त्यांतून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात. त्यातले सर्वांत मोठे, म्हणजे एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, फक्त चार. एका जोडीचा हात मात्र शंभरात सुमारे ४२ वेळा येतो.

या हिशेबाच्या तळाशी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: पत्ते नीट पिसलेले आहेत. ते खरोखर तसे असतात का, हा प्रश्न १९५८ मध्ये एका मराठी गणितज्ञाने शास्त्रीय निबंधाचा विषय केला. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून त्यांना अनेक जण ओळखतात, पण पत्त्यांशी असलेला त्यांचा संबंध फारसा कुणाला ठाऊक नाही.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषा आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठातील ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाच्या कामासाठी ते अमेरिकेला गेले, तेव्हा १९१८ मध्ये त्यांनी मुलालाही सोबत नेले. दामोदर यांचे शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षण तिथेच झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी उच्च श्रेणीत घेऊन ते भारतात परतले. बनारस आणि अलीगढ येथे शिकवून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. पुढची बारा वर्षे त्यांनी तिथे गणित शिकवले.

वडिलांनी पोथ्यांची वेगवेगळी हस्तलिखिते ताडून मूळ पाठ शोधला. मुलाने तीच शिस्त आकड्यांना लावली. संख्याशास्त्र समजून घ्यायचे तर ते कशावर तरी वापरून पाहिले पाहिजे, म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी तराजूत घातली. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते आणि त्याचे वजन किंचित घटते. हे पडताळण्यासाठी त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही वजन केली. वजनांच्या या नोंदींवरून जुन्या नाण्यांचा काळक्रम लावण्याची पद्धत उभी राहिली आणि तिथून ते इतिहासाकडे वळले.

याच काळात त्यांनी वेगळ्याच पिसण्याचा हिशेब मांडला. आई-वडिलांकडून मुलाकडे गुणसूत्रे जातात, पण जशीच्या तशी नाही. बीजपेशी तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रे आपापले तुकडे एकमेकांशी बदलतात. शेजारी असलेली दोन जनुके सहसा एकत्रच पुढे जातात, तर लांब असलेली अनेकदा वेगळी होतात. त्यामुळे किती वेळा ती वेगळी झाली, हे मोजून त्यांच्यातले अंतर काढता येते. अडचण अशी की एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होण्याची शक्यता कमी होते. शिवाय दोनदा अदलाबदल झालेली जनुके पुन्हा एकत्र येतात आणि मोजणीतून निसटतात. या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन अंतर काढणारे सूत्र कोसंबींनी १९४४ मध्ये दिले. पिकांमधले किंवा माणसाच्या आनुवंशिक रोगांमधले जनुक गुणसूत्रावर नेमके कुठे आहे, हे शोधताना कोसंबी सूत्र आजही वापरले जाते.

१९४५ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. घर पुण्यात, काम मुंबईत. डेक्कन क्वीनने जाणे-येणे हा त्यांच्या आयुष्याचा भाग झाला. पत्त्यांचा विषय या काळातला.

त्याआधी १९३०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जोसेफ राइन यांनी अतींद्रिय शक्तीचे प्रयोग केले होते. २५ पत्त्यांचा कॅट, त्यावर पाच चिन्हे, प्रत्येक चिन्ह पाच वेळा. झाकलेले पान न पाहता ओळखायचे. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच पाने बरोबर यावीत. काही जणांची त्याहून जास्त येत, आणि त्यावरून मनाच्या गूढ शक्तीचा निष्कर्ष काढला जाई.

कोसंबींनी शंका घेतली ती पिसणाऱ्या हातावर. सहकारी यू. व्ही. राममोहन राव यांच्यासह त्यांनी पत्ते पिसण्याची कार्यक्षमता तपासली. हा निबंध लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. हाताने नेहमीसारखे पिसल्यावर जुना क्रम पुरता मोडत नाही आणि शेजारची पाने बऱ्याचदा शेजारीच राहतात, हा त्याचा गाभा. कॅटमध्ये क्रमाचे अवशेष उरले असतील, तर निव्वळ योगायोग धरून केलेला पाचाचा हिशेबच लागू पडत नाही. मग जास्त आलेल्या उत्तरांसाठी गूढ शक्ती मानण्याआधी पत्ते पुन्हा तपासायला हवेत.

पुढे अमेरिकी गणितज्ञांनी या प्रश्नाला नेमके उत्तर दिले. कॅटचे दोन भाग करून पाने एकमेकांत फरफर मिसळली, तर एका वेळेनंतर मूळ क्रमाचे फार तर दोन तुकडे होतात, दोन वेळांनंतर चार, पाच वेळांनंतर ३२. ५२ पत्त्यांच्या सगळ्या रचना शक्य व्हायला एवढे पुरत नाही. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवले की साधारण सात वेळा असे पिसल्यावर कॅट बऱ्यापैकी मिसळतो. खालून गठ्ठा काढून वर टाकत राहण्याची घरगुती पद्धत फारच संथ. तिने तेवढाच परिणाम साधायला हजारो वेळा पिसावे लागेल.

हा प्रश्न सतरंजीपुरता उरत नाही. नव्या औषधाची चाचणी घेताना कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही, हे योगायोगावर सोपवतात. ही वाटणी कच्ची झाली आणि तुलनेने धडधाकट रुग्ण एका बाजूला जमले, तर निरुपयोगी औषधही गुणकारी ठरू शकते. म्हणून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत यादृच्छिक आकड्यांच्या आधारे रुग्णांची वाटणी केली होती. आज हे काम संगणक करतो.

योगायोगाच्या गणितावरचा हाच विश्वास कोसंबींना महागातही पडला. १९५९ मध्ये त्यांनी संभाव्यतेच्या मार्गाने रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला. तज्ज्ञांनी तो मान्य केला नाही आणि गणितातील त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेशी असलेला संबंध संपला. इतरांच्या गृहीतकांवर बोट ठेवणाऱ्या माणसाचीही स्वतःच्या गृहीतकाशी गाठ पडली. तरी हिंडणे आणि लिहिणे थांबले नाही. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर ते प्राचीन दगडी हत्यारे शोधत राहिले. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी, पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी पुढे आजोबा आणि वडील या दोघांच्याही लेखनावर काम केले.

पोकर शिकणाऱ्या पुतण्याला यातून दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. नीट पिसलेल्या कॅटला आठवण नसते. सलग दहा डाव हरलेल्याला अकरावा डाव जिंकून देणे त्याच्यावर बंधनकारक नाही. आता तरी पान लागेलच, या समजुतीने पैसे लावत गेलेली माणसे कर्जात बुडतात. जुगाराचे हे व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत नोंदलेले आहे. दुसरी गोष्ट नशिबाला दोष देण्याआधीची: पत्ते कोणी पिसले आणि किती वेळा, हे विचारायचे. खेळ दाणे किंवा काडेपेट्या लावूनही तितकाच रंगतो, आणि गणित तेच शिकायला मिळते.