स्वामी कुवलयानंद

योग म्हणजे साधू-बैराग्यांचे काम, असे आमच्यातले कित्येक जण अजूनही समजतात. त्यांनी जगन्नाथ गणेश गुणे यांचे चरित्र जरूर ऐकावे. १८८३ साली डभोईत जन्म, शिक्षण गरिबीत. बडोद्याला माणिकरावांकडे शरीर कमावले, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले. गुरूवर श्रद्धा पूर्ण. पण लोकांना पटवायचे तर मोजून दाखवायला हवे! १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उड्डियान आणि नौलीचा शरीरावर होणारा परिणाम तपासला. नौलीत मोठ्या आतड्यात दाब उतरतो, हे दिसले. त्या निर्वाताला त्यांनी गुरूचेच नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले. आसने दमछाक करण्यासाठी नव्हेत, शरीरासह मन स्थिरावण्यासाठी. म्हणून थोडी, पण रोज. १९६६ साली ते वारले. कैवल्यधाम आजही चालू आहे.